गवत बाहेर जातं, पण परत येतं

माझी भाची आठवीत आहे. इंदापूरला राहते, लेफ्ट बॅकला खेळते आणि मला दिवसाआड एखादा व्हिडिओ पाठवते. गेल्या दिवाळीच्या आसपास आलेल्या व्हिडिओत गोल नव्हता. शाळेचं मैदान होतं, त्यावर लोखंडी सांगाडा उभा राहत होता, आकाशपाळण्याचे डबे ओळीनं जमिनीवर ठेवलेले होते आणि मागून तिचा आवाज आला, "खाला, ग्राउंड गया."

किती दिवसांसाठी गेलं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आनंदमेळा तीन आठवडे चालला. तो उठला तर त्याच जागी लग्नाचा मांडव पडला. मग एक सभा झाली. मैदान मोकळं झालं तेव्हा त्यात बांबूचे खड्डे होते, खिळे होते, फुटक्या बाटल्या होत्या. डिसेंबरात पुण्याला एका स्पर्धेला जायचं होतं. शाळेनं मुलांचा संघ पाठवला, मुलींचा पाठवला नाही, कारण मुलींचा सराव झाला नव्हता. मुलांचा कसा झाला? त्यांनी बायपासपलीकडे एक रिकामा प्लॉट शोधला होता. तिथे संध्याकाळी मुली जाऊ शकत नाहीत, हे वेगळं सांगायला नको. कुणी मुद्दाम काही केलं नाही. सगळं आपोआप झालं. मला त्या 'आपोआप'विषयीच लिहायचं आहे, पण आधी थोडं लांब जाऊन येऊ.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या एका प्रोजेक्टसाठी मी तीन महिने जर्मनीत एसेनला होते. तिथून लोकल गाडीनं थोड्याच वेळात गेल्सेनकिर्शेन येतं. कोळशाच्या खाणींचं शहर, आता खाणी बंद. शहराच्या एका टोकाला शाल्के ०४ या क्लबचं स्टेडियम आहे. २००१ मध्ये उघडलं, बासष्ट हजारांवर माणसं बसतात. २००४ ची चॅम्पियन्स लीगची फायनल तिथे झाली, २००६ च्या वर्ल्ड कपचे पाच सामने झाले. इंग्लंड-पोर्तुगालच्या ज्या मॅचमध्ये रूनीला रेड कार्ड मिळालं, ती तिथलीच. एका रविवारी पैसे भरून मी ते आतून बघून आले. खेळाडू जिथून मैदानात येतात तो बोगदा खाणीतल्या भुयारासारखा केलेला आहे. छत सरकतं, म्हणजे मधला भाग दोन्हीकडे उघडतो. हे सगळं मला आधी वाचून माहीत होतं. मला गवत बघायचं होतं, आणि त्या दिवशी ते जागेवर नव्हतं.

मैदानाच्या जागी नुसती करडी फरशी होती. गवत बाहेर उन्हात होतं, स्टेडियमच्या दक्षिणेला, उघड्यावर.

तिथलं अख्खं मैदान काँक्रीटच्या एका प्रचंड ट्रेमध्ये आहे. माती, गवत, खालचा निचरा, सगळं मिळून सुमारे ११,००० टन. आपल्याकडची उसाची ट्रॉली दहा टनांची धरली तर अकराशे ट्रॉल्या एकदम. हायड्रॉलिक यंत्रं हा ट्रे रुळांवरून दक्षिणेकडच्या गॅलरीखालून हळूहळू बाहेर ढकलतात. काही तास लागतात. सामना आला की पुन्हा आत.

एवढा खटाटोप का? छत टाकलं की पाऊस अडतो, प्रेक्षक खूश होतात, गाण्याचे कार्यक्रम बारा महिने करता येतात. पण गवताला ऊन लागतं, वारा लागतो. उंच गॅलऱ्या आणि छत यांच्या सावलीत ते पिवळं पडतं, मुळं धरत नाही. अ‍ॅमस्टरडॅमला १९९६ मध्ये सरकत्या छताचं स्टेडियम झालं. तिथे गवत टिकेना, पुन्हा पुन्हा नवं आणून अंथरावं लागलं. मग त्याच देशात आर्न्हेमला १९९८ मध्ये वेगळा विचार झाला. ऊन आत आणता येत नसेल तर गवतच बाहेर न्यायचं. शाल्केनं तीच कल्पना घेतली. जपानमध्ये सापोरोला मैदान हवेच्या दाबावर किंचित उचलून आत-बाहेर करतात. माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियममध्ये तर अलीकडे मैदान सहा लांब तुकड्यांत जमिनीखाली उतरवून तिथे दिव्यांच्या उजेडात जपतात. आणि ऐका, एवढं करूनही तिथल्या कॉन्सर्टच्या आवाजाला आजूबाजूच्या रहिवाशांनी हरकत घेतली आणि २०२४ मध्ये क्लबला कार्यक्रम थांबवावे लागले. गवताचा प्रश्न यंत्रानं सुटला, शेजाऱ्यांचा सुटला नाही.

गेल्सेनकिर्शेनच्या त्या हॉलमध्ये काय काय होतं याची यादी ऐकून मी गंमतीनं वहीत लिहून घेतली होती. मोठमोठ्या बँडचे कार्यक्रम. बाहेरून बर्फ आणून आत स्कीइंग आणि नेमबाजीची शर्यत. ७ मे २०१० ला जर्मनी-अमेरिका आइस हॉकीचा सामना, त्याला ७७,८०३ प्रेक्षक. स्टेडियमच्या पोटात एक छोटं प्रार्थनागृहही आहे, तिथे लग्नं लागतात, मुलांचे बाप्तिस्मे होतात. म्हणजे लग्न त्यांच्याकडेही स्टेडियममध्ये लागतं. फक्त त्यासाठी गोलपोस्ट उपटत नाहीत.

मी सॉफ्टवेअरमधली. बारामतीला रोज इंदापूरहून एसटीनं जाऊन इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं बहुतेक वेळ एकाच प्रकारचा प्रश्न सोडवते आहे: वस्तू एक, वापरणारे अनेक. तिथे एक साधा नियम असतो. जो कुणी वस्तू ताब्यात घेईल, त्यानं ती कधी सोडायची हे घेतानाच ठरलेलं असलं पाहिजे. ते ठरलेलं नसेल तर बाकीचे वाट बघत बसतात आणि सगळी सिस्टिम अडकते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, कारण एरर कुठेच दिसत नाही. कुणीतरी फक्त वाट बघत असतं.

ती करडी फरशी बघताना मला ११,००० टनांचं कौतुक वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त कौतुक एका साध्या गोष्टीचं वाटलं. पुढचा सामना कधी आहे हे आधीपासून ठरलेलं असतं आणि गवत त्याच्या आत परत जागेवर येणार हेही ठरलेलं असतं. कॉन्सर्टवाल्यानं किती पैसे दिले यानं त्यात फरक पडत नाही. सगळं यंत्र या एका शब्दासाठी आहे.

इंदापूरच्या त्या शाळेचं मैदानही सरकतं म्हणायचं. कुणीही मागितलं की मुलं बाजूला सरकतात. त्याला यंत्र लागत नाही, हायड्रॉलिक लागत नाही, एक पावती पुरते. परत येण्याची तारीख मात्र पावतीवर नसते.

असं म्हटलं की आमच्याकडे लगेच एक उत्तर येतं: "स्टेडियम झालं पाहिजे." बारामतीकडे बोट दाखवतात. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामना झाला. आम्हा इंदापूरकरांना त्याचा जरा हेवा वाटतो, खोटं कशाला बोला. व्हा ना, स्टेडियम झालं तर मी पहिल्या दिवशी जाईन. पण मोठ्या स्टेडियममुळे खेळ वाढतो असं मला गेल्सेनकिर्शेनमध्येही दिसलं नाही. सुमारे १९ कोटी युरोंचं ते स्टेडियम जिथल्या तिथे असताना शाल्केचा संघ २०२१ मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली गेला, वर आला आणि २०२३ मध्ये पुन्हा गेला. कोल्हापूरचं फुटबॉलही छतामुळे वाढलेलं नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींनी पेठापेठांत ते पिढ्यान् पिढ्या जपलं, म्हणून शाहू स्टेडियम भरतं.

गेल्सेनकिर्शेनचा सगळ्यात नावाजलेला मुलगा आपल्यापैकी अनेकांच्या भिंतीवर एकेकाळी होता. मेसुत ओझिल. तुर्कस्तानातून कामाला आलेल्या कुटुंबातला, जन्म १९८८ चा. तो लहानाचा मोठा झाला ते घराजवळच्या एका जाळीबंद छोट्या मैदानावर. चारी बाजूंनी उंच जाळी असल्यामुळे तिथली पोरं त्याला माकडांचा पिंजरा म्हणत. गवत नाही, कडक जमीन, पडलं की गुडघा फुटणारच. आजूबाजूच्या गल्ल्यांतली स्थलांतरितांची मुलं तिथे खेळत. मोठं स्टेडियम उघडलं तेव्हा ओझिल बारा-तेरा वर्षांचा होता, म्हणजे त्याचा पाय तोवर त्या पिंजऱ्यात घडून गेला होता. पुढे तो स्टेडियमशेजारच्या शाळेत शिकला, शाल्केकडून खेळला, २०१४ मध्ये जर्मनीसाठी वर्ल्ड कप जिंकला. इल्काय गुंडोगानही याच शहरातला. २०१८ मध्ये ओझिलनं वंशभेदाचा आरोप करत जर्मन संघ सोडला, तो विषय मोठा आहे आणि त्यावर आपल्यात बरीच चर्चा झाली. त्या पिंजऱ्याविषयी मात्र आपण कधी बोललो नाही. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रोज उघडं, फुकट, आणि कुणाच्या लग्नासाठी बंद न होणारं मैदान. त्याला छत नव्हतं.

आता मुलींकडे येते. मी स्वतः सातवीपर्यंत खेळले. फुटबॉल नाही, जे हाती येईल ते. लंगडी, खो-खो, मुलांची टीम अपुरी पडली की क्रिकेटमध्ये फील्डिंग. मग एक दिवस दादी म्हणाली, "अब बड़ी हो गई." एवढंच. कुणी ओरडलं नाही, मनाई केली नाही. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मी घरात होते. अब्बांनी मला इंजिनिअरिंगला पाठवलं, होस्टेलला ठेवायची तयारी दाखवली, जर्मनीला जाताना विमानतळावर सोडायला आले. अशा माणसालाही मैदान ही मुलीची जागा असू शकते हे सुचलं नाही. त्यांना दोष देत नाही. मलाही सुचलं नव्हतं, भाचीनं विचारेपर्यंत.

मागे एका घरगुती कार्यक्रमात हा विषय निघाला तेव्हा एक मामू म्हणाले, कपड्यांचं काय? त्याचं उत्तर फुटबॉलनं कधीच देऊन टाकलंय. डोक्यावर रुमाल बांधून खेळायला फिफानं २०१४ मध्ये नियमात जागा केली. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली आणि मोरोक्कोनं दक्षिण कोरियाला हरवलं. ज्या मुलीला बांधायचाय ती बांधेल, जिला नाही ती नाही बांधणार. माझी भाची पोनीटेल घालते आणि तिची मैत्रीण रुमाल, आणि दोघींचं एकमेकींशी भांडण होतं ते फक्त पास दिला नाही म्हणून. अडचण कपड्यांची नाही. मैदानावर कोणत्या वेळी कोण, हे कुणी ठरवलेलं नसतं, ही आहे. जे ठरवलेलं नसतं ते मोठ्या मुलांकडे जातं. आपोआप.

आपल्या जवळचं उदाहरण मुंब्र्याचं आहे. २०१२ च्या सुमारास तिथे 'परचम' नावाच्या गटानं मुलींचं फुटबॉल सुरू केलं. हिंदू-मुस्लिम मुली एकत्र. खेळायला जागा नव्हती, तर त्यांनी सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधींकडे गेल्या आणि मुलींसाठी मैदान मागितलं. स्टेडियम मागितलं नाही. जिथे मुलींना हक्कानं उभं राहता येईल अशी जागा आणि वेळ मागितली. मला त्यातली हुशारी आत्ता कळते.

आणि एक गोष्ट आपण आपल्याच लोकांत बोलली पाहिजे. मैदान अडवणारे फक्त आनंदमेळेवाले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्याच मैदानावर आपला जलसा झाला. मांडव तीन दिवस आधी पडला, पाच दिवस नंतर निघाला. बांबूचे काही खड्डे आपलेही आहेत. त्या जलशात खेळाविषयी, तरुणांच्या तब्येतीविषयी चांगलं भाषण झालं होतं म्हणे. मी नव्हते, बायकांची सोय दुसरीकडे होती.

एकच जागा वाटून वापरणं आम्हाला जमत नाही असंही नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, बेलवाडी करत इंदापूरला येते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण. हजारो माणसं कडं करून उभी राहतात, मध्ये अश्व धावतो, वारकरी धावतात. लहानपणी आम्ही अब्बांच्या खांद्यावर बसून बघायचो. त्यासाठी जागा आधी साफ होते, सपाट होते. कुठून कोण येणार, कधी निघणार, सगळ्यांना माहीत असतं. पालखी उठते आणि जागा पुन्हा गावाची होते. ईदगाहचंही तसंच. ईदची नमाज किती वाजता हे आदल्या दिवशी गावाला माहीत असतं, आणि पाऊस असला तर मशिदीत किती जमातींत, हेही. (त्या दिवशी सरकतं छत असतं तर बरं, असं मला दर पावसाळी ईदला वाटतं.) मुलांच्या, आणि त्यातही मुलींच्या, खेळालाच तेवढी वेळ ठरवून द्यायची असते हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण खेळ म्हणजे रिकाम्या वेळात रिकाम्या जागेत करायची गोष्ट असं आपण धरून चालतो.

जानेवारीत सुट्टी काढून मी गावी गेले आणि भाचीच्या शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटले. भांडायच्या तयारीनं गेले होते. ते म्हणाले, "मॅडम, मैदानाच्या भाड्यावर आमचं वीजबिल भागतं, संगणकाची लॅब चालते. भाडं बंद करा म्हणाल तर मी करू शकत नाही." बरोबर आहे त्यांचं. गेल्सेनकिर्शेनवाल्यांनाही भाडं हवंच होतं, म्हणून तर त्यांनी ट्रे बसवला. नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्येही तेच. २०१७ मध्ये तिथे सतरा वर्षांखालचा फुटबॉल वर्ल्ड कप झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले गाऊन गेले. भाडं वाईट नाही.

मग आम्ही चहा घेत घेत, मी, हेडमास्तर आणि क्रीडाशिक्षक, एका कागदावर लिहीत गेलो. गेटवर एक फळा लावायचा, त्यावर मैदान कुणाला दिलं आणि कोणत्या तारखेला परत मिळणार हे खडूनं लिहायचं. अनामत रक्कम घ्यायची, खड्डे बुजवून, खिळे वेचून दिले की परत. अर्धं मैदान कायम मोकळं ठेवायचं, मांडव उरलेल्या अर्ध्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पाच ते साडेसहा मुलींची वेळ, त्या वेळात गेटवर शाळेचं कुणीतरी हजर. शेवटच्या मुद्द्यावर क्रीडाशिक्षक म्हणाले, मुलं कटकट करतील. मी म्हटलं, करू द्या, त्यांना बायपासपलीकडचा प्लॉट माहीत आहे. यावर हेडमास्तर हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं.

फळा लागला. पहिल्या महिन्यात दोनदा कुणीतरी पुसला, तर भाचीनं तारखा ऑइल पेंटनं लिहा असं सुचवलं. अनामतीवरून एका मंडपवाल्याशी वाद चालू आहे. मुलींच्या वेळेला पहिल्या आठवड्यात सहा जणी आल्या, आता अकरा-बारा येतात, त्यात चौघी मोहल्ल्यातल्या. एकीच्या अम्मी रोज सोबत येतात आणि कठड्यावर बसून मटार सोलतात. गेल्या बुधवारी बॉल त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी हातातली परात बाजूला ठेवून चप्पल न काढताच जोरात परत मारला, असा व्हिडिओ माझ्याकडे आहे. तो मी बऱ्याच जणांना दाखवलाय.

खड्डे अजून तसेच आहेत. शाळेकडून एक ट्रॉली मुरूम आलाय, पसरायचं काम आपण करायचं असं ठरलंय. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता. मी पुण्याहून येतेय. घमेली पुरेशी आहेत, फावडी दोनच आहेत. इंदापूर-बारामतीकडचं कुणी येणार असेल तर येताना फावडं घेऊन या.